बस्त्यातली वेठ

तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांना मोकळीक मिळते, आणि आमच्या जिंतूर तालुक्यात लग्न म्हटलं की आधी बस्ता. आमच्या चारठाणा गावचा माणूस बस्ता बांधायला जिंतूरला जातो, सेलूला जातो. हात जरा सैल असला तर परभणी नाहीतर जालना गाठतो. दुकानदार गादीवर बसवतो, चहा पाजतो आणि मग खिशातून यादी निघते. नवरीचा शालू आणि नवरदेवाचा पोशाख तासाभरात उरकतो. खरा वेळ जातो तो पुढच्या नावांत. मावश्या, आत्या, माम्या, चुलत्या, करवल्या, विहिणीच्या जावा, त्या जावांच्या माहेरची माणसं. कुणाला हजाराची, कुणाला पाचशेची. यादीचं शेपूट उरलं की घरातलं एखादं जाणतं माणूस हळू आवाजात म्हणतं, "आता देण्याघेण्यातल्या दाखवा." दुकानदाराला जास्त सांगावं लागत नाही. तो वरच्या फळीवरून एक गठ्ठा खाली ओढतो. दीडशेची, एकशे ऐंशीची, दोनशेची. पन्नास नग घेतले तर आणखी दहा-दहा रुपये कमी.

ही साडी कुणी नेसणार नाही, हे देणारीला माहीत असतं आणि घेणारीलाही. घडी न मोडता ती पत्र्याच्या पेटीत पडते आणि पुढच्या लग्नात दुसरीच्या ओटीत जाते. टॉवेल-टोपीचंही तेच. सत्काराच्या टोप्या एकाच्या डोक्यावर घालून काढल्या की दुसऱ्याच्या सत्काराला तयार असतात. आमंत्रणपत्रिकेत आपण "कृपया आहेर आणू नये" असं छापतो आणि त्याच लग्नासाठी पन्नास साड्यांचा गठ्ठा बांधून आणतो. एवढं करून मान राहिला म्हणायचं!

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे कुणी उगाच अंगावर येणार नाही. पोराला अंगात घालायला काही नाही म्हणून आठवडी बाजारात फटकुरावरचा शंभर रुपयांचा सदरा घेणाऱ्या मजुराविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. त्याला जेवढं मिळतं तेवढ्यात तो अंग झाकतो. माझी फिर्याद आहे ती नको असलेला कपडा घेणाऱ्यांविरुद्ध, आणि तो घेताना दहा रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणाऱ्यांविरुद्ध. म्हणजे शेती असलेले, नोकरी असलेले, ट्रॅक्टर असलेले, पुढारी असलेले आपण सगळे.

हा गठ्ठा येतो कुठून? बहुतेक सुरतेहून. तिथल्या यंत्रमागावर उभा राहणारा माणूस पुष्कळदा ओडिशातल्या गंजाम जिल्ह्याचा असतो. पाळी बारा तासांची आणि मजुरी मीटरवर. माग बंद पडला तर मीटर नाही, आणि मीटर नाही तर पैसा नाही. राहायला एकेका खोलीत दाटीनं माणसं. दिवसपाळीचा उठून गेला की त्याच्याच जागेवर रातपाळीचा येऊन आडवा होतो. कापड रंगून, छापून झालं की टिकल्या, खडे, लेस लावायला ते वस्त्यांमधून घरोघर वाटतात. सुरतेच्या लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून पोटासाठी गेलेली मराठी कुटुंबं खूप आहेत. अशा वस्त्यांत बाया पोराला मांडीवर घेऊन नगावर हे काम करतात. दर दलाल ठरवतो. बोनस नाही, फंड नाही, हजेरीपुस्तकात नावही नाही. डोळे गेले तर डोळे तिचे.

सुरत लांब वाटत असेल तर आपल्याच मराठवाड्यात या. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. कामगार आतच झोपले होते. सहा जण गेले. ज्याला बाहेर खोली परवडते तो कारखान्यात झोपत नाही, एवढं समजायला चौकशी समिती लागत नाही. दोन दिवस बातम्या आल्या, पुढे नवं वर्ष लागलं.

आणि हे आपल्याकडंच होतं असं नाही. बांगलादेशात ढाक्याजवळ सावर इथं २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. आदल्या दिवशीच भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेनं आपल्या माणसांना येऊ नका म्हणून सांगितलं. वरच्या मजल्यांवर शिलाई करणाऱ्या पोरींना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं, कारण परदेशातल्या दुकानांचा माल वेळेवर द्यायचा होता. १,१३४ माणसं मेली. तेव्हा तिथं शिलाई कामगाराचं किमान वेतन महिना ३,००० टका होतं. दहा वर्षांनी, २०२३ च्या अखेरीस, ते १२,५०० झालं. कामगारांनी २३,००० मागितले होते, आणि ते मागताना रस्त्यावर पुन्हा माणसं मारली गेली. त्या इमारतीत शिवलेले कपडे युरोप-अमेरिकेतल्या सुशिक्षित, दयाळू, कुत्र्यामांजरांवर जीव लावणाऱ्या लोकांनी अंगावर घातले होते. त्यांनी कुणाला मारलं नव्हतं. त्यांनी फक्त स्वस्त घेतलं होतं, आणि आपणही तेवढंच करतो.

यावर आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर असतं. कुणी त्यांना बांधून ठेवलंय का? परवडत नसेल तर काम सोडावं! हे उत्तर आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८२ सालीच निकालात काढलं आहे. दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामांवरच्या मजुरांचा तो खटला. न्यायमूर्ती भगवतींनी सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात जो राबतो तो राजीखुशीनं राबत नाही, त्याला भूक राबवते. म्हणून अशी मजुरी ही राज्यघटनेच्या कलम २३ नं बंदी घातलेली सक्तीची मजुरी, म्हणजे वेठच. मराठवाड्याला हे नव्यानं समजावून सांगायची गरज पडू नये. निजामाच्या राज्यात देशमुखाच्या वाड्यावर कुणी राबावं, कुणी फुकट लाकडं फोडावीत, कुणाच्या घरची बाई बोलावलं की दळायला जायची, हे आपल्या आजे-पणज्यांनी पाहिलं आणि सोसलं. दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, आपण झेंडा लावून ती वेठ संपल्याची भाषणं ऐकतो. आणि त्याच वर्षीच्या लग्नसराईत गठ्ठ्यानं वेठ विकत आणतो. फरक एवढाच की राबणारा आता आपल्या वाड्यावर येत नाही. तो डोळ्यांपुढे नसतो, त्यामुळे झोप चांगली लागते.

आता आपल्या रानाकडे येऊ, कारण चारठाण्याला या विषयात "आम्हाला काय माहीत" म्हणायची सोय नाही. कापूस आपणच पिकवतो. कमी भावानं घाम विकला जाणं म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला, मध्यम धाग्याचा ७,७१०. तो पदरात पडण्यासाठी रांगा, ओलावा मोजण्याची भांडणं, नाहीतर घरी आलेल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर पडेल त्या भावानं विक्री. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं परदेशी कापसावरचं अकरा टक्के आयातशुल्क काढून टाकलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत मुदत वाढवली. नेमका आपला कापूस बाजारात येण्याचा काळ. कारण दिलं गेलं कापड उद्योगाला आधार देण्याचं, कारण अमेरिकेनं आपल्या मालावर पन्नास टक्के कर लावला होता. म्हणजे तिकडच्या गिऱ्हाइकाला सदरा स्वस्तच राहिला पाहिजे, या हट्टाचा दाब शिलाईवालीच्या मानेवरून, सूतगिरणीवरून, जिनिंगवरून उतरत उतरत जिंतूरच्या काळ्या रानापर्यंत येतो. ही एकच दोरी आहे. तिचं एक टोक आपल्या गळ्याभोवती आहे, आणि बस्ता बांधताना दुसऱ्या टोकाला आपणच हिसका देतो.

हिशेब करून पाहा. चांगल्या सुती शर्टाला, कताई-कापणीतली तूट धरून, किलोभर कापूस पुरतो. हमीभाव पुरता मिळाला तरी त्याचे झाले ऐंशी रुपये. तो वेचणाऱ्या बाईला किलोमागं दहा-बारा. तोच शर्ट शहरातल्या काचेच्या दुकानात हजार-पंधराशेला लटकलेला असतो. आणि आपण बाजारात दीडशेला घेतो त्या शर्टात कापूस जवळजवळ नसतोच, ते असतं पॉलिएस्टर. कापूस पिकवणारं गाव उन्हाळ्यात पॉलिएस्टर घालून घामाघूम होतं आणि पांढऱ्या सोन्याच्या गप्पा मारतं.

इथं आपल्या कास्तकार भावांना आणखी एक कडू गोष्ट ऐकवायची आहे. हमीभावासाठी रस्ता रोखणारे आपण, वेचणीला आलेल्या बाईचा भाव ठरवताना कसे वागतो? गड्याला जेवढी रोजी तेवढी बाईला कोणत्या गावात मिळते? सकाळी साताला वस्तीतून निघून, कमरेला ओटा बांधून, बोंडाच्या टोकांनी बोटं रक्ताळून घेत संध्याकाळपर्यंत वाकणारी ती बाई बहुतेक भूमिहीन, बहुतेक दलित किंवा भटक्या वस्तीतली. तिनं किलोमागं दोन रुपये वाढवून मागितले की पारावर एकच सूर निघतो: मजूर माजले. कापसाला भाव मागणारा शेतकरी लुटला जातोय म्हणायचं आणि मजुरीला भाव मागणारी बाई माजली म्हणायचं! व्यापारी आपल्याशी जे करतो तेच आपण तिच्याशी करतो, आणि दुकानात गेलो की सुरतेच्या बाईशीही.

पण हे सगळं ज्यात एकाच वेळी उघडं पडलं तो प्रकार शाळेच्या गणवेशाचा. २०२४-२५ साली महाराष्ट्र सरकारनं "एक राज्य, एक गणवेश" आणलं. कापड एका ठिकाणाहून, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडून. कागदावर किती छान! गावच्या बाईला काम, गावच्या पोराला कपडा. पुढे काय झालं ते जिल्हा परिषदेच्या शाळेत पोर असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. झेंडावंदन होऊन गेलं तरी गणवेश नाहीत; आले ते कुणाला सैल, कुणाला आखूड, कुठं बाही उसवलेली. वर्ष संपायच्या आत, डिसेंबर २०२४ मध्ये, सरकारनं योजना मागं घेतली आणि खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडं दिली.

ओरड खूप झाली, आणि ती रास्तच होती. पण ती कशाची होती? मापाची, उशिराची, कापडाच्या पोताची. दुसऱ्या, स्काऊट-गाईडच्या गणवेशासाठी समितीला नुसतं कापड दिलं होतं, आणि शिवून घ्यायला सरकारनं ठरवलेला दर होता शिलाईचे १०० रुपये आणि वरखर्चाचे १०. एकशे दहा रुपयांत पोराचा पूर्ण जोड. घरचा स्वयंपाक, पाणी, जनावरं बघून मशीनवर बसणारी बाई दिवसाला असे दोन जोड काढील, अगदी पाठ मोडून तीन. त्यात वीज गेलेले तास धरलेले नाहीत. मोठ्या माणसाच्या नुसत्या एका पँटला याहून कितीतरी जास्त शिलाई आपण मुकाट मोजतो. या दराबद्दल कुरकुर झाली, नाही असं नाही. "एवढ्यात कुणी शिवून देत नाही हो," असं गुरुजी म्हणाले, सरपंच म्हणाले. पण ती होती अडचण. अन्याय झाला असं कुणाला वाटलं नाही. एवढ्यात कुणी शिवून दिलं असतं तर सगळे खूश होते. एकशे दहा रुपये सरकारनं लिहिले खरे, पण ते लिहायचं धाडस त्याला आपल्यामुळं झालं. बाईच्या हातच्या शिवणाला आपण घरात "रिकाम्या वेळचा उद्योग" म्हणतो. मग सरकारनं तिला वेगळा भाव का द्यावा?

आपल्या मुलखाला तर हे अधिकच लाजिरवाणं आहे. नामदेव शिंपी होते. त्यांचं नर्सी हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे, १९९९ पर्यंत आपल्याच परभणीत होतं. त्यांच्या घरी दळणकांडण करणारी जनाबाई परभणी जिल्ह्यातल्याच गंगाखेडची. एक सुई-दोरा चालवणारा, एक मोलकरीण. दोघांच्या पालख्या आपण खांद्यावर घेतो. नामदेवाच्या पायांवर डोकं ठेवून घरी आलेला वारकरी गावच्या शिंप्याशी शिलाईवरून वाद घालतो आणि शेवटी रेडिमेड घेऊन येतो. चारठाण्यातली गोकुळेश्वराची देवळं, तो कोरीव उंच स्तंभ, ती बारव पाहायला बाहेरची माणसं येतात. त्या दगडावर इतक्या निगुतीनं हात चालवणाऱ्या पाथरवटांतल्या एकाचंही नाव आपल्याला सांगता येत नाही. कारागिराला विसरण्याची ही सवय आजची नाही.

देशभक्तीनं तरी ही सवय मोडली का? १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. कपडा कुठून आला हे विचारायला महाराष्ट्र तेव्हा शिकला, आणि ते मोठंच शिक्षण होतं. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकपुढं आडवा होऊन मुंबईत बाबू गेनू गेला. तो स्वतः गिरणी कामगार. पण १९०५ च्याच सुमाराला स्वदेशी कापडाची मागणी वाढली, गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि मुंबईचा कामगार दिवस मावळल्यावरही राबू लागला, चौदा-चौदा तास. स्वदेशीच्या सभांत त्याची आठवण कितीशी निघाली? त्याच्या आधीपासूनच कारखाना कायद्याची गोष्ट निघाली की आपली बरीच राष्ट्रीय पत्रं हे मँचेस्टरवाल्यांचं कारस्थान आहे म्हणून विरोधात उभी राहत. मँचेस्टरचा त्यात स्वार्थ होताच. तरी राबणारा माणूस आपलाच होता. त्याच्या बाजूनं उभे राहिले ते सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या. आठवड्यातून एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, अपघात झाला तर भरपाई. रविवारची सुट्टी मिळायला १८९० चा जून उजाडला. तेव्हाही गिरणीमालक म्हणायचे की असं केलं तर धंदा बुडेल, कामगार उपाशी मरेल. आज आपण रविवारी बस्ता बांधायला जातो, ती सुट्टी लोखंड्यांनी मिळवून दिलेली आहे.

धंदा बुडण्याची भीती आजही तशीच पुढं केली जाते. कर्नाटकात २०२० मध्ये महागाईभत्त्यापोटी किमान वेतनात महिन्याला ४१७ रुपयांची वाढ झाली. तिथल्या तयार कपड्यांच्या कारखान्यांनी चार लाखांहून अधिक कामगारांना ती एक वर्षाहून अधिक काळ दिली नाही. हे कारखाने जगातल्या मोठमोठ्या नावांसाठी शिवतात. ४१७ रुपये म्हणजे कामाच्या दिवसाला सोळा. एक बाई दिवसभरात जितके कपडे हाताखालून घालवते त्यांच्यावर हे सोळा रुपये वाटून टाका. एका कपड्याची किंमत किती वाढेल? चहाच्या घोटाइतकीसुद्धा नाही. तेव्हा मजुरी वाढली की कपडा गरिबाला परवडणार नाही, ही थाप आहे. गरिबाचं नाव पुढं करून मधले लोक आपला वाटा राखतात.

"मग आम्ही काय कापड घेणं सोडायचं?" गरजेचं सोडू नका. यादीचं शेपूट कापा. पन्नास नगांऐवजी पाच घ्या, नेसता येतील अशा, आणि त्या पन्नास जणींच्या हातात ओटीचे तांदूळ आणि नारळ पुरे. नाकं मुरडली जातील. मुरडू द्या. २०२४ साली पालघर जिल्ह्यातल्या जव्हारच्या आदिवासी बायांनी सरकारनं रेशनवर वाटलेल्या साड्या तहसील कार्यालयात परत नेऊन टाकल्या. साडी नको, काम द्या, शाळा द्या, दवाखाना द्या म्हणाल्या. हातावर पोट असलेल्या बायांना जे जमलं ते आपल्याला जमू नये? शासनाच्या घरची साडी परत करायला जी हिंमत लागते तिच्या चौथाई हिंमतीत विहिणीच्या जावेला समजावता येतं.

आणि जे थेट आपल्या हातात आहे ते तर लगेच करता येईल. गणवेशाचे पैसे आता पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडं येतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. म्हणजे कागदावर का होईना, ठरवणारे आपणच. दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी तीन दरपत्रकं मागवली जातात, सर्वांत कमी दराच्या व्यापाऱ्याला काम जातं, तो कुठूनतरी शिवलेला माल गठ्ठ्यानं आणून टाकतो, आणि सही करायला महिला सदस्याच्या घरी शिपाई जातो. या वर्षी ती सही घरी होऊ देऊ नका. बैठकीला जा. कापडाचा दर वेगळा आणि शिलाईचा दर वेगळा लिहून मागा. शिवणार कोण आणि तिच्या हातात नगामागं किती पडणार, हे दरपत्रकावर लिहून घ्या. गावात मशीन असलेल्या बाया किती आहेत ते अंगणवाडी ताई एका दुपारीत सांगेल. त्यांना बैठकीत बोलवा आणि एक जोड शिवायला किती तास लागतात ते त्यांच्याच तोंडून ऐका. त्या तासांचा, निदान शेतातल्या रोजीइतका, पैसा आधी बाजूला काढा आणि उरलेल्या रकमेत कापड बघा. बसत नसेल तर "या पैशांत बसत नाही" असा ठराव त्याच बैठकीत लिहा, त्यावर सगळ्यांनी सह्या करा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं जिंतूरला पाठवा.